फैलका बेटावरचा ओळंबा

कुवेतमध्ये इतकी वर्षं काढलीस, तिथलं पाहण्यासारखं काय पाहिलंस, असं कोणी विचारलं की मी फैलका बेटाचं नाव सांगते. बहुतेकांना ते माहीत नसतं. मग मी सांगते, समुद्रात आहे, बोटीने दीड तास लागायचा, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक सैनिकांच्या ठाण्याचे आणि त्याहूनही जुन्या वस्तीचे पडके अवशेष आहेत. एवढं ऐकून लोक मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. मीही वळते. पुढचं सांगायचं तर दादाबद्दल सांगावं लागतं, आणि ते सांगायला बसलं की मला अजून तितकाच थकवा येतो.

मी बी.एस्सी. नर्सिंग आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही गेलेलं नव्हतं, आणि आमच्या गावात पदवी मिळवणारं पहिलं माणूस मी, पुरुष धरूनही. हे मी संकोच न करता सांगते. ते कष्टाने मिळालेलं आहे आणि त्यातले निम्मे कष्ट माझे नाहीत. वडील आधी चिरेखाणीत जांभा दगड काढायचे, पुढे गवंडी झाले. दादा चौथीतून सुटला आणि त्यांच्या हाताखाली उभा राहिला. मी मुंबईला नर्सिंगला गेले तेव्हा माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर दादानेच चढवली होती, एका हाताने. त्याचा तो हात माझ्या डोळ्यांसमोर आहे.

शिकण्याचा एक ताप असतो तो कोणी आधी सांगत नाही. शिकलेल्या माणसाला सगळे विचारायला येतात. मुलीला या स्थळी द्यावी का, जमीन विकावी का, ऑपरेशन करावं का. कुवेतमध्येही तेच. कोकणातून कंत्राटावर आलेले सुतार, गवंडी, प्लंबर मला हॉस्पिटलच्या फाटकाशी गाठायचे, अरबीतला कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, "तुमी शिकलेल्या, तुमी सांगा." अरबी मला तरी कुठे येत होतं. पण मी कागद हातात घ्यायचे.

दादानेही मला दोनदा असंच विचारलं. पहिल्यांदा मी कुवेतला येऊन वर्ष झालं होतं. कुठलीशी कंपनी मुंबईत गवंड्यांची भरती करत होती. त्याने गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं, खाली स्वतःच्या अक्षरात एवढंच होतं: येऊ काय? मी उत्तर पाठवलं, ये. तो आला. मीना अब्दुल्लाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, तिथल्या एका कंपनीच्या छावणीत एका खोलीत आठ जण, असा चार वर्षं राहिला. मध्ये एकदाच सुट्टीवर घरी गेला, आणि त्या सुट्टीत त्याने स्वतःच्या घराचं जोतं बांधलं. जांभ्याचं, गुडघाभर उंच, कोपरे सुरीने कापल्यासारखे. त्यावर भिंती चढायच्या होत्या. वहिनी आणि दोन मुलं मागच्या खोपीत राहून त्या जोत्याकडे बघत होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्याचं दुसरं कंत्राट संपायला महिना उरला, तेव्हा त्याने दुसऱ्यांदा विचारलं. आम्ही कुवेत शहरात, मिरकाबमधल्या एका मलबारी माणसाच्या चहाच्या दुकानात बसलो होतो. दर शुक्रवारी तिथेच बसायचो. नर्सेसच्या हॉस्टेलमध्ये पुरुषांना येऊ देत नसत, भाऊ असला तरी. तो बसने यायचा, मी ड्युटी करून यायचे, दोन तास बाकावर बसायचो. बोलायचो कमी. कधी तो बसल्या बसल्या झोपायचा, कधी मी.

"मुकादम सांगता, शनवारी सकाळी नाव व्हया," तो म्हणाला. "ह्या नाय, पुढच्या शनवारी. आणखी दोन वर्सां ऱ्हवतंस तर सही कर, नायतर तिकीट घे आणि घरी जा."

"मग तुका काय वाटता?"

"माका काय कळता? तू शिकलंस. तू सांगशीत तसां."

मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगते. आणि तो शुक्रवार चहाच्या बाकावर घालवायचा नाही असंही ठरवलं. आमच्या वॉर्डातल्या एका स्कॉटिश सिस्टरने मला फैलकाच्या उत्खननावरची एक पुस्तिका दिली होती. मी ती दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या. दादाने चार वर्षांत पत्र्याची छावणी, कामाची जागा आणि चहाचा बाक सोडून काही पाहिलं नव्हतं. गवंडी माणूस, जुन्या भिंती बघेल, मी त्याला इतिहास समजावून सांगेन आणि तिथेच उत्तरही देईन, असा माझा बेत.

उत्तर तयार होतं. सही कर. दोन वर्षांत भिंती चढतील, कौलं येतील. हे कारण मी स्वतःला सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. त्याच्यामागे दुसरं कारण होतं, ते असं की दादा गेला तर माझा शुक्रवार जाणार. परदेशात एकट्या बाईला आठवड्यातून दोन तास कोणीतरी 'बाय' म्हणून हाक मारावी लागते. नाहीतर ती नुसती 'सिस्टर' उरते.

त्या शुक्रवारी सकाळी सातला मी रात्रपाळी संपवून निघाले. पायांत गोळे आले होते. हॉस्टेलवर अंघोळ केली, आदल्या दिवशी केलेले घावणे आणि जवळ्याची चटणी डब्यात भरली, थर्मासमध्ये चहा घेतला. मिरकाबच्या स्टॉपवर दादा आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, वर कोणाकडून तरी मागून आणलेला कोट, दोन्ही हात खिशात.

"काय गो, झोपलंस काय नाय?"

"बोटीत झोपतंय."

"मगे माका वांगडाक कित्याक घेतलंस? झोपाक माणूस लागता?"

सालमियाच्या टोकावरून बोट सुटायची. फेब्रुवारी महिना. कुवेत म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना फक्त ऊन आठवतं, पण हिवाळ्यातलं तिथलं वारं हाडांत जातं. बोटीवर बेटावरचे लोक होते, परतीला निघालेले, पोती, टोपल्या, एक बांधलेली बकरी. पिकनिकला निघालेली दोन कुटुंबं होती. बसायची आतली जागा बायकामुलांनी भरली, म्हणून आम्ही दोघं डेकवर एका पेटीच्या आडोशाला बसलो. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दादाला दिला.

त्याने झाकण दोन्ही तळव्यांत धरलं, ओंजळीत धरतात तसं. तेव्हा मला त्याची बोटं दिसली. उजव्या हाताची चार आणि डाव्या हाताची दोन, टोकापासून मधल्या पेरापर्यंत पांढरी. गोरी नव्हे, पांढरी. मेणबत्तीसारखी. जिथे पांढरं संपत होतं तिथे सरळ रेघ मारल्यासारखी कड होती.

"बोटां कसली झाली ही?"

"थंडी हा," तो म्हणाला आणि चहा एका घोटात संपवून हात खिशात घातले.

मी परिचारिका आहे. दिवसभर लोकांच्या बोटांचा, नखांचा रंग बघणं हे माझं काम. मला तेव्हाच उठून त्याचा हात बाहेर काढता आला असता. पण बारा तासांची पाळी झाली होती, बोट हलत होती, इंजिनाचा एकसुरी आवाज चालू होता, आणि त्याने थंडी म्हटलं ते मला पुरलं. मी त्याच्या खांद्याला डोकं टेकलं आणि झोपले. जागी झाले ती बोट धक्क्याला लागल्यावर. दादा तसाच ताठ बसला होता. माझं डोकं हलू नये म्हणून त्याने मानेवरची माशीही हाकलली नसावी.

फैलका म्हणजे सपाट, करड्या रंगाचं बेट. धक्क्याजवळ गाव, चुन्याची बुटकी घरं, दोन दुकानं, मशीद. गावाबाहेर थोडं चाललं की तारेचं कुंपण आणि आत मातीचे उंचवटे. मी मनात गडकिल्ल्यासारखं काही धरून चालले होते. प्रत्यक्षात कमरेएवढ्या, कुठे गुडघ्याएवढ्या भिंतींच्या रांगा, मध्ये खोल्यांचे चौकोन, एका बाजूला देवळाच्या खांबांचे तळ. वरून कुवेतचं फिकट आकाश. पिकनिकवाल्या कुटुंबांनी एक चक्कर मारली, फोटो काढले आणि ती समुद्राकडे गेली.

मी पुस्तिका काढली. "हे बघ, हय ग्रीक सैनिक ऱ्हवत. लांबसून इले. हेंचो राजा..."

"हं," दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो भिंतीच्या कडेने चालत होता, एक एक पाऊल, डोकं तिरकं करून.

"आयकतंस मा?"

"आयकतंय गो. सैनिक इले. भिती कोणी बांधल्यानी?"

पुस्तिकेत ते नव्हतं. मी तसं म्हटलं.

"मगे पुस्तक कसलां?" तो म्हणाला आणि हसला. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. "हय बघ. ह्यो कोपरो बघ. ह्यो जाणत्या माणसान लायलो. एक आडवो, एक उभो, एक आडवो, एक उभो. सांधमोड बघ कशी साधल्यान. आणि हय बघ," तो चार पावलं पुढे गेला, "हय सांध्यावर सांधो इलोहा, वरसून खालपर्यंत. ह्यां काम दुसऱ्याचां. कोपरो लावन जाणतो गेलो जेवाक. मधलां कोणाकडसून तरी घायघाय करून घेतल्यानी. कंत्राटी माणसां हाडलेली असतली."

"दोन हजार वर्सांपूर्वी खयसून कंत्राटी?"

"लांबसून इले म्हणतंस मा तूच."

मी पुस्तिका पर्समध्ये ठेवली. तो बोलत राहिला. चार वर्षांत मी त्याला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. दगड समुद्रातला आहे, घट्ट नाही, म्हणून ह्यांनी भिंती जाड घेतल्या. दगडांमधल्या फटींत चिपा बारीक मारल्यात, ते माणूस सावकाश काम करणारं होतं. इथे दार होतं आणि नंतर कोणीतरी ते बुजवलं, बुजवणाऱ्याला घाई होती. मी मागून चालत होते आणि मला वाटत होतं, याला म्हणतात जाणकार. मनात असंही आलं की दोन वर्षं काय, याने चार वर्षंसुद्धा इथे काम करावं, हा बांधतच राहावा. सही कर हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

तेवढ्यात त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वडिलांचा ओळंबा.

ज्यांनी बांधकाम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दोरीच्या टोकाला लोखंडाचा जड लट्टू, वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा. भिंतीवरून खाली सोडला की भिंत सरळ आहे की झुकली ते कळतं. वडील गेल्यावर दादाने बाकीची हत्यारं वाटली, हे एकच स्वतःजवळ ठेवलं. आमच्या घरात गवंड्याच्या हत्यारांना बाईने हात लावायचा नाही अशी रीत होती. दसऱ्याला पूजाही पुरुषच करत, आम्ही फुलं दारापर्यंत आणून द्यायची. मी सात-आठ वर्षांची असताना हाच ओळंबा खुंटीवरून काढून झोक्यासारखा हलवला होता, तेव्हा वडिलांनी मला जन्मातली एकुलती एक थप्पड मारली होती.

"ह्यो कित्याक हाडलंस?"

"बघूक. इतकी वर्सां झाली, भीत किती झुकली ता बघूक नको?"

त्याने डाव्या हाताने लाकडाचा तुकडा भिंतीच्या माथ्यावर धरला आणि उजव्या हाताने दोरी सैल सोडायला लागला. दोरी बोटांतून एकदम घसरली. लट्टू खालच्या दगडावर आपटला, ठण्ण आवाज झाला. त्याने परत गुंडाळली, परत सोडली. परत घसरली. तिसऱ्यांदा तुकडाच हातातून सुटला आणि सगळंच खाली पडलं. तो वाकला. वाळूत पडलेली दोरी तो उचलत होता आणि ती चिमटीत येत नव्हती. बोटं दोरीवर होती, मला दिसत होती, पण दोरी कुठे आहे हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्याने ती तळव्याने खरवडून गोळा केली, लहान मुलं करतात तशी.

तेवढ्यात आवाज ऐकून पहारेकरी आला. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला रुमाल, अंगात खाकी कोट. "मम्नू, मम्नू," म्हणत आणि बोट हलवत आला, म्हणजे मनाई आहे. मग आमच्या तोंडांकडे बघून हिंदीत म्हणाला, "हिंदी? बंबई का?"

जुन्या काळी कुवेतचे खलाशी गलबतांतून आपल्याकडे यायचे, त्यांना मोडकीतोडकी हिंदी यायची. हा त्यातलाच होता. मी म्हटलं, रत्नागिरी.

"रतनागिरी," तो म्हणाला आणि डोळे बारीक केले. "उधर पानी के अंदर पत्थर है. जहाज दूर से लेने का." मग त्याने दादाच्या तळव्यातला लट्टू बघितला, उचलून तोलला. "हमारा जहाज में भी था, ऐसा. समंदर कितना गहरा, देखने का." त्याने तो परत दिला. "तोडेगा नहीं?"

"तोडेगा नहीं," दादा म्हणाला. "खाली देखेगा."

"देखो. जल्दी देखो," म्हातारा म्हणाला आणि पाठ करून समुद्राकडे बघत उभा राहिला.

दादाने ओळंब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, तू धर."

"मी?"

"दुसरां कोण आसा हय?"

मी धरला. लाकडाचा तुकडा भिंतीच्या माथ्याला टेकवला, दोरी हळूहळू सोडली. वाऱ्याने लट्टू हलत होता, म्हणून मी अंगाने आडोसा केला. वडिलांची थप्पड आठवली. दादा दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघत होता.

"वायच थांब. हलता अजून. हां. आता बघ. वर चिकाटलीहा आणि खाली किती लांब?"

"चार बोटां."

"चार बोटां. समुद्राच्या बाजूक झुकलीहा. वाऱ्यान न्हय, पायो खचलो." मग म्हणाला, "बरी बांधल्यानी. इतक्या वर्सांत चार बोटां म्हणजे काय नाय."

मी दोरी गुंडाळली, ओळंबा रुमालात बांधला आणि तसाच पर्समध्ये टाकला. मग म्हटलं, "हात दाखव."

"जेवया आधी."

"हात दाखव, दादा."

आम्ही त्या भिंतीच्या आडोशाला बसलो आणि त्याने हात पुढे केले. उन्हात बोटांचा पांढरा रंग गेला होता, आता ती लालनिळी झाली होती. मी पेन्सिल काढली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि टोकाने एकेका बोटाला टोचलं. "कळता?" "नाय." "आता?" "खय टोचलंस?" मी सगळी बोटं केली. अंगठे सोडले तर उजव्या हाताच्या एकाही बोटाने नीट उत्तर दिलं नाही.

"काय काम करतंस थय?"

"गवंडीकाम."

"दादा."

त्याने हात वाळूत खुपसले. मग सांगितलं. पहिली दोन वर्षं बांधकाम होतं. मग जुन्या टाक्यांचे काँक्रीटचे पाये फोडायचे काम निघालं आणि याला फोडायच्या यंत्रावर घातलं. ते हवेच्या दाबावरचं, अंगाला लावून धरायचं यंत्र, ज्याने रस्ते फोडतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"दोन वर्सां?"

"वायच कमी."

"आणि माका सांगलंस नाय."

"माका गवंडी म्हणान बोलावलंलंस तू. सगळ्यांका सांगतंस, माझो दादा गवंडी. मगे काय सांगू, फोडतंय?"

आम्ही जेवलो. घावणे गार झाले होते. त्याने तुकडा अंगठा आणि तळव्यात दाबून खाल्ला, आणि तो कित्येक शुक्रवार तसाच खात होता हे मला तेव्हा आठवलं. मी समोर बसून बघितलं होतं, दिसलं नव्हतं. कंप देणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांची पांढरी बोटं, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. थंडीत बोटं पांढरी होतात, मग बधिर होतात, काम थांबवलं नाही तर चिमटीतली ताकद जाते. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

परतीची बोट तीनला होती. आत जागा मिळाली, कारण पिकनिकवाले पुढे उभे राहून गात होते. आम्ही दोघंही लाकडी बाकावर पाय लांब करून बसलो. अंग आंबून गेलं होतं. मला बोलायचं होतं आणि तोंड उघडायचा कंटाळा आला होता. लोकांना वाटतं असे निर्णय माणूस विचार करून, शांतपणे घेतो. माझ्या अनुभवात ते थकून घेतले जातात, दुसरं काही मनात धरायची ताकद उरत नाही म्हणून. माझा शुक्रवार मी त्या बोटीत तसाच सोडला. उदात्त वगैरे काही वाटलं नाही. झोप येत होती.

"दादा."

"हं."

"सही करू नको."

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं झोपला. पुढे गाणं संपलं, टाळ्या झाल्या.

"बरां," तो म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला, "घराचां काय?"

"घर होईत."

"कोण बांधतलो?"

"दुसरो गवंडी बांधीत. तू म्होरे उभो ऱ्हव."

"उभो ऱ्हवान बांधता तेका इंजिनेर म्हणतत."

"मगे इंजिनेर हो."

"चौथी नापास इंजिनेर," तो म्हणाला, आणि हसत नव्हता. "मुकादमाक काय सांगू?"

"सांग, भयण नको म्हणता."

"तसां सांगल्यार हसतत माका."

"हसांदेत."

मिरकाबला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. त्याची बस उभी होती. तो चढला, खिडकीशी बसला, आणि मला निरोपाचा हात करायचा म्हणून खिशातून हात काढला, तो पुन्हा पांढरा पडला होता. त्याने बघितलं, मी बघितलं, आणि त्याने हात पुन्हा खिशात घातला. शनिवारी सकाळी त्याने खरंच तसं सांगितलं, असं छावणीतल्या एका सुताराकडून मला नंतर कळलं. मुकादम हसला आणि दुसऱ्या माणसाचं नाव लिहिलं. महिन्याभरात दादा गेला.

पुढचा शुक्रवार मी दिवसभर झोपून काढला. नंतरचेही बरेच. मलबारी दुकानदाराने एकदा विचारलं, "भाई किधर?" मी म्हटलं, घर गया. "अच्छा हुआ," तो म्हणाला. त्याने असं का म्हटलं ते मी विचारलं नाही. त्याला बहुधा प्रत्येकाबद्दलच तसं वाटत असावं.

ओळंबा माझ्या पर्समध्येच राहिला होता. मला तो चार दिवसांनी सापडला. दादाने जाण्याआधी मागितला नाही, विसरला की मुद्दाम ठेवला कोण जाणे. मी ट्रंकेत ठेवला, साड्यांच्या खाली. पत्रात लिहिलं तर मास्तरांच्या हातून उत्तर आलं: असू दे, तुला लागला तर.

मी पुढे बरीच वर्षं कुवेतमध्ये राहिले. ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात रजेवर गावी गेले, तेव्हा घर उभं राहिलं होतं. कौलारू, चार खोल्यांचं. गावातल्याच एका तरुण गवंड्याने बांधलेलं, दादा रोज समोर उभा राहून. हाताचं म्हणाल तर थोडं परत आलं होतं. विडी धरता यायची, शर्टाची बटणं वहिनी लावायची, थापी कायमची सुटली. तो आता चिरेखाणीवर दगड पारखायला जायचा, लाकडाने ठोकून आवाजावरून सांगायचा कुठला टिकेल. माझं उत्तर बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. आणखी दोन वर्षं राहून यंत्रावरून त्याला काढलंही असतं कदाचित, हातही वाचला असता, घर त्याने स्वतः बांधलं असतं. किंवा एवढाही हात उरला नसता. दादाने हे कधी काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी ट्रंकेतून ओळंबा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हातात घेतला नाही. मला घेऊन मागच्या खोलीत गेला आणि बाहेरच्या अंगाची भिंत दाखवली.

"ही बघ. पोराक सांगलां होतां, कोपरो जपान घे. मी तापान पडलंय दोन दिवस, आणि तेवढ्यात तेणा चढवल्यान. लाव बघया."

मी स्टुलावर चढले, तुकडा भिंतीच्या माथ्याला टेकवला, दोरी सोडली. लट्टू थांबला. खाली भिंतीत आणि त्याच्यात फट होती.

"किती?"

"दोन सूत असतली," मी म्हटलं, म्हणजे पाव इंच.

"अडीच," तो लांबून म्हणाला. वहिनी दारात उभी होती, ती म्हणाली, "रोज हेंचा ह्यांच. पाडून परत बांधा म्हटलां तर आयकणत नाय."

"ऱ्हवांदे," दादा म्हणाला. "पडाची नाय. ह्यो ओळंबो हयच खिळ्याक लाव गो बाय. उतरू नको, तशीच थांब, मी खिळो हाडतंय."

तो खिळा शोधायला गेला. मी स्टुलावर दोरी धरून उभी राहिले. प्रवासाने पाठ मोडली होती, हात वर धरून खांदा भरून आला होता. तो बराच वेळ आला नाही, डब्यातून खिळा चिमटीत येत नसणार. वहिनी मदतीला जाऊ लागली, मी तिला मानेने नको म्हटलं.